चार हजारावरचा खड्डा

विट्यात रात्री साडेदहाला शेड बंद होते,
मग माझी खोली सुरू.
कोपऱ्यांत सुताच्या रद्दीची पोती रचलीत,
खालचा घुमारा तीच पितात.
अंड्यांचे ट्रे लाव, म्हणाला होता तौफिक शिकलगार.
लावून बघितले.
अंड्यांशिवाय त्यांना काही सांभाळता येत नाही.

दिवसा पतसंस्थेत व्याज मोजते, रात्री डेसिबल.
दोन्हीकडे आधी बघायचं, काय कमी करता येतंय.
पॅडच्या तळाशी साचलेला गाळ
दीडशेच्या खाली छाटून टाकला, बासला जागा झाली.
किक आली की बास अर्धं पाऊल मागं सरकतो,
अरुंद जिन्यात हंडा घेऊन येणाऱ्या बाईला
वाट द्यावी तसा,
आणि ती गेली की लगेच भिंत सोडतो.
हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये.
कळलं, तर रिलीज लांबलाय.

हाय-हॅट विकतची नाही.
सात नंबरच्या मागावर धोटा पेटीत आदळतो,
तो आवाज मोबाईलवर धरला,
बाकी सगळं काढून फक्त वरची धार ठेवली.
त्याच मागावर अण्णांनी एकतीस वर्षं काढली.

गेल्या महिन्यात त्यांना मिरजेला नेलं.
डॉक्टर मगदूमांनी काचेच्या खोलीत बसवलं,
आवाज आला की बोट वर करा, म्हणाले.
बोट बराच वेळ मांडीवरच होतं.
मग कागद आला,
आणि मला वाटलं, हा तर माझाच पडदा:
डावीकडे जड, उजवीकडे बारीक,
चार हजारावर रेघ
विहिरीत उतरल्यासारखी खाली.
डॉक्टर समजावत होते.
असले खड्डे मी रोज स्वतःच्या हातानं पाडते.

माझं नाव सुषमा.
त्यातला स पोचत नाही त्यांच्यापर्यंत, ष पोचत नाही.
आई मला हाक मारते
तेव्हा अण्णा विचारतात, कोण उमा आलीय?

परवा रात्री तो कागद कीबोर्डला टेकवला,
मास्टरवर तस्साच वक्र काढला,
डावा कान वेगळा, उजवा वेगळा,
आणि स्पेस दाबली.
आधी गेली टाळी.
मग रिव्हर्बची शेपटी.
मग सात नंबरचा माग.
त्याच्या चॅनलवर हिरवं हलत होतं,
कानात काही नाही.
म्हणजे मागानं त्यांच्या कानातून
पहिल्यांदा स्वतःलाच पुसलं.
म्हणून ते म्हणतात,
हल्लीचे माग मऊ चालतात.

मिक्स पुन्हा पहिल्यापासून.
धोटा चार सप्तकं खाली ओढला,
थोडं सॅच्युरेशन, दोनशेच्या आसपास अंग दिलं.
आता तो खट नव्हता, धप्प होता,
भरल्या बीमवर थाप मारावी तसा.
स्पीकर लोखंडी कपाटावर ठेवला, अण्णांना बोलावलं.
त्यांनी कान लावला नाही,
पंजा लावला,
माग तपासताना लावायचे तसा.
दोन मिनिटं. डोळे छताकडे.
मला वाटलं, काहीतरी बोलतील, बरं वाटेल असं.

"चौथा ठोका उशिरा यायलाय," म्हणाले,
"पिकिंगचा पट्टा ढिला आसंल."

झूम केलं.
चौथ्याचं सॅम्पल वेगळं, त्याच्या तोंडाशी
शांततेचा एक तुकडा, छाटायचा राहून गेलेला.
अकरा मिलिसेकंद.
हेडफोनवर ऐकलं होतं, तौफिकच्या टेम्पोत ऐकलं होतं,
फोनच्या फुटक्या स्पीकरवर,
तीन आठवडे.

"बघते," मी म्हटलं.
"आँ?"
त्यांचा पंजा उचलून पुन्हा कपाटावर ठेवला
आणि तो तुकडा कापला.