जवसाचा सदरा

आमच्याकडे जवस म्हणजे चटणी.
खलबत्त्यात तिखट, मीठ, लसणाच्या चार पाकळ्या,
भाकरीवर कच्च्या तेलाची धार.
देठाचं कुणी कधी विचारलं नाही.
मळणी झाली की बांधावर पेटवायचे,
भुर्रकन जळून जायचं,
राखसुद्धा फारशी उरायची नाही.

तांडापेठेतल्या वासुदेव सोरत्यांनी विचारलं.
चाळीस वर्षं खड्डामागावर,
त्यातली शेवटची दहा पॉलिस्टरच्या पातळांवर,
जी घामाला आत घेत नाहीत नि बाहेरही सोडत नाहीत.
भिवापूरच्या मावसभावाला फोन लावला:
"जाळू नको बे. कापू पण नको.
मुळासकट उपट अन् टेम्पोत टाकून दे."

गच्चीवरच्या निळ्या टाकीत देठं भिजली.
चौथ्या दिवशी वास जिन्याने खाली उतरला,
पाचव्या दिवशी शेजारच्या बारापात्रेबाई वर चढल्या,
नाकाला पदर:
"कोणतं जनावर मेलं जी?"
वासुदेव म्हणाले, "मरून नाही राहिलं. सुटून राहिलं."

मग वाळवणं, ठेचणं,
खिळ्यांच्या फणीतून ओढणं.
कवच भुसा होऊन पायाशी पडलं
आणि मुठीत उरली एक लांब बट.
रंग?
उन्हात महिनाभर विसरलेल्या वर्तमानपत्राचा.
पंचफुलाबाईंनी मांडीशी पाण्याची वाटी घेतली,
बोटं बुडवायच्या, सूत ओढायच्या,
बुडवायच्या, ओढायच्या,
टीव्हीवरच्या मालिकेकडे न बघता.

पण ताणा लागला तो मे महिन्यात.
पारा शेहेचाळीस, हवा पापडासारखी,
आणि हा धागा कोरड्यात तडकतो.
वीतभर विणलं की एक गाठ.
वासुदेव मागाला शिव्या देत होते, मग धाग्याला,
मग मावसभावाला.
पंचफुलाबाई उठल्या, कूलर उघडला,
वाळ्याच्या ताट्या काढून खड्ड्याभोवती उभ्या केल्या
आणि तांब्याने पाणी मारत बसल्या.
एकोणीस दिवस
धागा गारव्यात, माणसं उकाड्यात.

कापड माझ्याकडे आलं तेव्हा
त्याला ना रंग होता, ना खळ,
काठही कुठे आत, कुठे बाहेर.
कात्री घातली तर आवाज वेगळा,
काकडी मोडल्यासारखा.
मी नारळाच्या करवंटीच्या गुंड्या लावल्या.
शिलाई घेतली नाही, असं म्हणणार होते.
घेतली. वासुदेव नाराज झाले असते.

चौकातल्या मोतीरामने तीनदा पाणी शिंपडलं,
नवे कोळसे घातले,
इस्त्रीवर सगळं अंग टाकलं.
"हा कपडा आयकतच नाही ताई."
दहा मिनिटांत चुण्या परत:
कोपरात, कमरेत, पोटाजवळ,
जिथे जिथे चाळीस वर्षं तो माणूस
मागावर वाकला, तिथे.

भाचीच्या साक्षगंधाला तोच सदरा.
हॉलमध्ये एसी बंद पडलेला,
सगळ्यांच्या पाठीला शर्ट चिकटलेले,
आणि हे पंक्तीत मोकळे, भात कालवत.
"घरी इस्त्री नव्हती काय भाऊ?" कुणीतरी म्हणालंच.
वासुदेवांनी चटणीवर तेल मागितलं,
एक थेंब सदऱ्यावर पडला.
पंचफुलाबाई रुमाल घेऊन धावल्या.
"राहू दे," ते म्हणाले,
"घरचंच घरी आलं."

यंदा जानेवारीत मी भिवापूरला गेले,
जवस फुलावर असताना.
बस उमरेडला रखडली, पोचायला दुपार झाली.
रोपं नुसती हिरवी उभी,
आणि खाली मातीवर
बोटाच्या पेराएवढ्या निळ्या पाकळ्या.
"सकाळी यायचं असते,"
मावसभाऊ म्हणाला,
आणि चहा ठेवायला आत गेला.