व्हायला

गावाचं नाव व्हायला.
दक्षिण ऑस्ट्रेलियातलं, लोखंडाच्या तांबड्या धुळीचं.
वारा फिरला की दोरीवरच्या चादरींना गंज चढतो.
आपल्या लिपीत लिहिलं
तर ते नाव राहतच नाही, अर्धं वाक्य होतं:
कुणाला तरी, काहीतरी, व्हायला...
पुढचं क्रियापद कुणीतरी गिळलेलं.

मेरिन डेकरचं बोलणंही तसलंच.
चौतीस वर्षांची. एक वाक्य पुरं करायला
तिला किटली उकळण्याइतका वेळ लागतो,
आणि तेवढ्यात समोरचा माणूस
आपल्याच मनातलं क्रियापद तिला जोडून देतो, प्रेमानं.
पाणी... हवंय ना? थंडी... वाजतेय ना?
ती मान हलवते. नाही म्हणायचं
तर पुन्हा किटली ठेवावी लागते.

मे महिन्यात बाप म्हणाला,
माझ्या खांद्यानं राजीनामा दिलाय.
योरिस, रोलिंग मिलमधून निवृत्त,
मुलीला खुर्चीतून पलंगावर, पलंगावरून खुर्चीत.
फॉर्मवर त्याच्यासाठी एक रकाना होता:
'अनौपचारिक आधार. आठवड्याचे तास किती?'
त्यानं चष्मा पुसून दोनदा वाचलं
आणि लिहिलं, 'हो'.

मग संस्था आल्या.
पहिलीचं माहितीपत्रक जाड, गुळगुळीत,
त्यावरची चाकाच्या खुर्चीतली बाई इतकी हसत होती
की मेरिनला तिचीच काळजी वाटली.
आलेला गृहस्थ सुगंधी. बापाला विचारी,
"हिला काय काय आवडतं?"
मेरिन दीड हातावर बसलेली.

दुसरीकडे तक्ते होते.
सकाळी साडेसात आंघोळ, संध्याकाळी साडेसात अंथरूण,
बदल हवा तर दोन दिवस आधी कळवा, नाहीतर पैसे कापू.
उन्हाळ्यात इथे साडेसातला
सूर्यसुद्धा झोपायला तयार नसतो.

तिचा प्रश्न एकच होता.
तीन रात्री घासून घासून
तिनं तो चार शब्दांवर आणला होता:
"रात्री... माकूळ... धरायला... कोण?"

पहिला टाळी वाजवून म्हणाला, "मत्स्यालय! आमची सहलच असते."
दुसरीनं खाली पाहून लिहिलं: 'जोखीम, पाणी'.

तिसरी वीस मिनिटं उशिरा आली,
गाडीची डिकी दोरीनं बांधलेली.
ओडेट फारुजिया. माहितीपत्रक नाही, पेनसुद्धा योरिसचंच.
तिनं प्रश्न ऐकला. सगळा.
स्वयंपाकघरात किटली उकळून आपोआप बंद झाली
तरी हिचं तोंड उघडेना.
मग म्हणाली,
"मला गळ टाकता येत नाही.
गुरुवारी मी येत नाही, आईचं डायलिसिस असतं.
रात्रीचा दर जास्त, तुझे दिवसाचे तास त्यातच जातील.
हिशेब केला तर महिन्याला दोन रात्री.
आणि तो प्राणी शाई उडवतो ना?"

मेरिन खूप वेळ हसली. हसण्याला मात्र तिला वेळ लागत नाही.
"तों... डावर."

योरिसनं करारपत्र पुढे ओढलं, सहीची जागा दाखवली.
मेरिननं ते कोपरानं परत सारलं.
"आधी... एक... रात्र."

जूनची रात्र. गोल धक्का, दिव्यांखाली पाणी हिरवं.
एकही माकूळ लागला नाही.
ओडेटनं गळ दोनदा स्वतःच्या जाकिटात अडकवला,
एकदा एका म्हाताऱ्याच्या टोपीत.
म्हाताऱ्यानं शिव्या दिल्या, मग गाठ मारायला शिकवलं.

घरी योरिसकडे रात्रीचे आठ होते,
नऊ होते, अकरा होते,
इतके तास एकदम हाती आले
की कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.
त्यानं रिकामा पलंग दोनदा नीट केला.

सव्वाबाराला दार वाजलं. खारट वास आधी आत आला.
"थंडी..." तो म्हणाला,
आणि पुढचं क्रियापद गिळून
किटली ठेवायला गेला.