पायाळू

मी पायाळू. म्हणजे जन्मताना
आधी पाय आले, मग बाकीची मी.
आईला दोन रात्री लागल्या, हे ती कधीतरी बोलली.
वसाहतीला त्यातलं फक्त पायांचं कळलं.

कोपरखैरण्यात, माथाड्यांच्या त्या बैठ्या खोल्यांत
रविवारी आमच्या दाराशी चपला जमायच्या.
ढेबेकाका उंबऱ्याशी पालथे पडत,
बनियन वर सरकवत :
"डाव्या अंगाला उसण भरलीय, पोरी. लाव."
मी सात वर्षांची. त्यांच्या पाठीला
मसाला मार्केटचा वास, धुऊनही न गेलेला,
धणे, मिरची, तागाचं सुतळ.
तीनदा अंगठा टेकवायचा
आणि लगेच वाकून पाया पडायचं,
थोरांना पाय लागला म्हणून.
"उतरली," म्हणत ते उठायचे, भिंतीला धरून.
सोमवारी पुन्हा गोणी. पुढच्या रविवारी पुन्हा चपला.

गोणीचं वजन कुणी काढलं नाही कधी.
माझ्या पायाला मात्र गुण आहे म्हणायचे.

आता बेचाळिशी. महापे, चौथा मजला,
दुसऱ्यांची बिलं, नऊ तास, एका बाजूला कललेली खुर्ची.
मी काहीच उचलत नाही.
परवा पेनचं टोपण पडलं. वाकले,
आणि तिथेच राहिले
उघड्या राहिलेल्या कात्रीसारखी.

आता पाय कुणाचा लावायचा?
स्वतःचा पाय स्वतःच्या कंबरेला पोचत नाही.
करून पाहिलंय.

नफिसा परकार, फिजिओथेरपिस्ट, औषधांच्या दुकानावर पहिला मजला.
तिने माझा एक्स-रे खिडकीला धरला :
मणके, आणि मणक्यांच्या आरपार
समोरच्या सोसायटीची वाळत घातलेली पांघरुणं.
"मोडलं काही नाही. बसून बसून रुसलंय.
झोपून राहिलात तर आणखी रुसेल. चाला.
अर्ध्या तासाने खुर्ची सोडा, बिलं पळून जात नाहीत."

मग गुडघे दुमडून, टाचा रोवून
कंबर उचलायला लावली, श्वास सोडत.
दहा वेळा. सहाव्याला मी थरथरले.
"उठताना झटक्यात नाही हं.
कुशीवर वळा. हात टेका.
आधी पाय खाली सोडा,
मग बाकीच्या तुम्ही."

मला हसू फुटलं. हसताना दुखलं.
"दहापैकी किती?" तिने वही उघडली.
चार म्हणाले.
काल सात होते.