साक्षीला डावा

मोडला तो उजवा.
आज यंत्रात सरकवलाय डावा,
ज्याला काहीच झालेलं नाही.

बेइन्ताने विचारलंच,
याचा काय गुन्हा?
गुन्हा नाही, म्हटलं, साक्ष हवी आहे.
हलू नकोस.

टोर्सहाउनच्या बंदरात बोटींचे दिवे,
वर माझ्या पडद्यावर तिचा गुडघा,
पाऊण मिलिमीटरची एकेक चकती.
इथे सगळं उलटं असतं :
धड ते काळं दिसतं,
दुखावलेलं उजळतं.
परवा उजव्यात नुसता पांढरा धूर होता.
डाव्यात मात्र ती तिरकी काळी पट्टी
मांडीच्या हाडाच्या खोबणीतून
नडगीच्या माथ्यापर्यंत,
एकोणीस वर्षं ताणून धरलेली,
कुणाच्या लक्षातही न येता.

लांबी बत्तीस.
खालचा ठसा सोळा, बदकाच्या पावलासारखा पसरट.
पुन्हा मोजला, साडेसोळा.
डॉक्टर रान्वांच्या मापात पंधरा.
दीड मिलिमीटरवरून आम्ही दोन कप कॉफी थंड केली.
भोक जरा पुढे पडलं ना, त्या म्हणाल्या,
तर पोरगी उतारावर वळेल
आणि गुडघा वळणार नाही.

उतारावरच तर झालं.
ऑक्टोबरात कळप खाली आणताना
एक मेंढी फुटली, बेइन्ता वळली,
बूट चिखलातच राहिला.
आवाज असा की वर कड्यापाशी
बापाला वाटलं, दोर तुटला.
त्याने आधी हातातला दोर तपासला,
मग लेकीकडे पाहिलं.
हे तो मला दोनदा सांगून गेला,
दुसऱ्यांदा टोपी हातात घेऊन.

सोमवारी मांडीमागची एक कंडरा काढतील,
चार पदरी दुमडतील,
डावा सांगेल तिथे ओवतील.
म्हणून मी डाव्याला आरशासारखा उलटवला,
उजव्यावर ठेवून पाहिला.
तंतोतंत नाही बसत.
भावंडं आहेत, सावल्या नाहीत.
फरक लिहून ठेवला.

मग शेवटच्या चकत्यांत
डाव्याच्याच हाडात, आतल्या कडेला,
एक फिकट उजेड दिसला.
चष्मा पुसला. होताच.

बाहेर कुबड्या काखेत घेत बेइन्ता म्हणाली,
काय बोलला तो?

सहा आठवडे
दोघांचं वजन एकटा उचलतोय,
एवढंच बोलला.