चौकड्यांचा शर्ट

वाझा, झाकण उघडेपर्यंत चाकाला हात लावू नकोस.
बॅटरी काढून दहा मिनिटं झाली खरी,
पण याच्या पोटात थोडी वीज दबा धरून राहते,
उंदराच्या बिळापाशी मांजर बसतं तशी.
घाई केली तर इथे बोटं जातात.

पोतीच्या बंदरात उतरून
किती हातांतून फिरली असेल ही गाडी,
रुस्तावीच्या बाजारात तुझ्यापर्यंत येईतो.
रंग असा की त्यात दाढी करावी.
तू चेहरा पाहिलास, पोट नाही.

तोवर ऐक.
गाडी आदळते तेव्हा पुढे बसवलेला एक इवलासा सेन्सर
आधी ठरवतो, हा खड्डा की भिंत.
खड्ड्याला तो गप्प बसतो. भिंतीला ठिणगी देतो.
ठिणगीतून वायू, वायूतून पिशवी,
आणि तुझी पापणी लवते न लवते
तोच सगळं आटोपलेलं.
तुझ्या तोंडून ‘देवा’ निघेल
तेव्हा ती तुला झेलून
पाठीमागच्या भोकांतून श्वास सोडत
मऊ पडायला लागलेली असेल.
ते मऊ पडणंच खरं कसब.
ताठ राहिली, तर तीही भिंतच की.

लोक तिला उशी म्हणतात. मी नाही म्हणत.
वेळेवर मारलेला ठोसा आहे तो.
म्हणून छाती आणि चाक यांच्यात
एक वीत, वर चार बोटं.
थांब, मोजून दाखवतो. सीट मागे घे.
हात घड्याळातल्या नऊवर आणि तीनवर.
आणि पट्टा. पट्ट्यावाचून
तू तिला अर्ध्या वाटेतच जाऊन भिडशील,
उघडताना ती कुणाची ओळख ठेवत नाही.
आमच्या गल्लीतली दारेजान डॅशबोर्डवर पाय टाकून
सूर्यफुलाच्या बिया खात होती.
गाडी जेमतेम चेपली. ती अजून काठीने चालते.
आणि मिंडियाची खुर्ची तू पुढे बांधलीयस,
बाळाचं तोंड मागे, पाठ पिशवीकडे.
सोड ती. मागे ने. मग नाही, आत्ता.

झाकण निघालं.

वाझा, आत पिशवी नाही.
कापड आहे, घडी घालून कोंबलेलं.
शर्टाची बाही. निळ्या-करड्या चौकड्या,
मनगटापाशी वेल्डिंगच्या ठिणगीनं पडलेलं भोक.
पिशवीच्या दिव्याची तार तेलाच्या दिव्याला जोडलेली,
म्हणजे चावी फिरवली की तो पेटावा, विझावा,
आणि तू म्हणावंस, सगळं ठीक.
गाठ डावखुऱ्या माणसाची.

पाना माझ्या डाव्या हातात आहे.

अकरा वर्षं झाली. एका चाकाचे साठ लारी मिळायचे.
फ्रिज घेतला, छतावर पत्रा घातला.
मारो विचारायची, तुमचा तो शर्ट कुठे गेला?
वाऱ्यानं नेला, म्हणालो.
दुसऱ्या बाहीचं काय झालं ते आठवत नाही.
खोटं. आठवतं. पांढरी गाडी होती,
कुताइसीकडे गेली.

तू विचारतोस, असलं काम करतं तरी कोण?
गॅरेजात कॉम्प्रेसर चालू आहे. बंद करतो,
म्हणजे मला दुसऱ्यांदा सांगावं लागणार नाही.

…

नवी पिशवी गुरुवारी येईल.
मोडक्या गाडीतून उपटलेली नाही, डबाबंद,
तारेसकट, सेन्सरसकट. पैसे माझे.
तोवर चावी माझ्याकडे राहू दे.
बस चौकातून सुटते. खुर्ची उचलून देतो.
बाळ धरायला मी हात पुढे केला,
तू दिलं नाहीस.

बरोबर केलंस.
अंतर ठेव.