चपला

पांझरा ओसरली तेव्हा देवपुरात
माणसांपेक्षा चपला जास्त सापडल्या.
कानबाईला निरोप देऊन आठवडा झाला नव्हता.
ज्या घाटावर तिला शिरवलं
तो घाटच जागेवर नव्हता.

मी घरपट्टी विभागातला कारकून.
मला शाळेत बसवलं, टेबल, शिक्का
आणि नावांची वही देऊन.
रकाने मीच आखले:
नाव, वय, ओळख पटवणाऱ्याची सही.
माझ्या बापाचं नाव मी अजून
कुठल्याच रकान्यात घातलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नवापूरकडून एक क्रूझर आली.
काचेवर पांढरा क्रूस, टपावर नागलीची पोती,
आत अकरा माणसं. गावित, वळवी, मावची.
मी शिपायाला म्हणालो, बघ, आता पुस्तकं वाटतील.
त्यांनी बादल्या उतरवल्या.

पास्टर योनास वळवी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून,
एवढंच विचारायला आला: साहेब, पाणी कुठलं वापरू?

सुमंती नावाची बाई, पन्नाशीची,
हापशाखाली उकिडवी बसली
आणि गल्लोगल्लीतून गोळा केलेल्या चपला धुऊ लागली.
बाभळीच्या काडीने टाचेतला गाळ काढायची,
अंगठ्याच्या खोबणीत बोट फिरवायची
जसं तान्ह्याच्या कानामागे फिरवतात.
मग व्हरांड्यात जोडी लावायची.
डावी, उजवी. डावी, उजवी.

शिपायाने ड्रायव्हरला विचारलं, चपला कशाला?
तो लाजला. म्हणाला, आमच्याकडे
गुरूने शिष्यांचे पाय धुतले होते.
इथं पाय सापडत नाहीयेत.

चादर उचलून बघायचं धाडस ज्यांना नव्हतं
ते चपलांपाशी थांबत.
मोमीन चाळीतल्या सुगराबीने
सोनेरी पट्ट्याची सँडल उचलली.
आधी नंबर पाहिला. चार.
मग खाली बसली.
सुमंती तिच्या शेजारी, ओल्या हातांनी.
"रडी ले, माय," येत होती तेवढ्या अहिराणीत.
सुगराबी उर्दूत बोलत राहिली, तासभर.
सुमंतीला त्यातलं किती कळलं कोण जाणे,
हुंकार मात्र एकदाही चुकला नाही.

रात्री जनरेटर बंद पडला की
मागच्या वर्गातून त्यांचं गाणं यायचं, त्यांच्या बोलीत,
इतकं हळू, की कुणाची झोप मोडू नये.
झोपलं कोण होतं?

चौथ्या दिवशी मी भांडलो. उगाच.
चहा गार होता म्हणून सुरू झालं
आणि गेलं थेट वर:
तुमचा देव कुठे होता त्या रात्री?
योनासने मान खाली घातली.
सुमंती म्हणाली, "मालूम नाही, दादा.
मी पण तेच विचारते. रोज."
आणि पुढची चप्पल पाण्यात घातली.

टायरच्या तळाची होती.
पट्टा तांब्याच्या तारेने शिवलेला,
लूमच्या जळक्या मोटरीतली तार,
मीच आणून दिली होती.
टाच डावीकडे झिजलेली.

मी काही बोललो नाही.
तिने ती धुतली, इतरांपेक्षा जरा जास्त वेळ.
पदराने पुसली, आणि माझ्या टेबलावर
वहीला लागून ठेवली.
आमच्यात टेबलावर चप्पल ठेवत नाहीत.
मी हलवली नाही.
नाव लिहिलं. वय अंदाजे.
सहीच्या रकान्याशी आलो तेव्हा
माझ्या मनगटाखाली तिचा ओला हात होता.
सही वाकडी आली. शाई पसरली.

नवव्या दिवशी ते गेले.
बादल्या शाळेला ठेवून.

आता वर्ग भरतात. व्हरांड्याच्या टोकाला
एक उरलीय: निळी, लहान, डाव्या पायाची.
शिपाई म्हणतो, टाकून देऊ.
रविवारी कचेरी नसते, तरी मी जातो.
हापशावर धुतो तिला,
उन्हाकडे तोंड करून ठेवतो,
आणि शेजारी
उजवीपुरती जागा सोडतो.