राजीखुशीने

हॅलिफॅक्सला, हॉर्टन स्ट्रीटच्या उतारावर,
खाली चांभाराचं दुकान, वर आम्ही.
हेस्टर ॲक्रॉइड, सॉलिसिटर:
घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा.
मी एकोणीस वर्षं तिची टायपिस्ट.
जिन्यात कायम सरसाचा वास,
त्यामुळे रडायला आलेली माणसं
आधी शिंकायची.

काय काय टाइप केलंय मी.
किटली कुणाची. कुत्रा कुणाचा, आणि कुठल्या वारी.
फाइली गावच्या समुद्रकाठी उभी असलेली
एक गळकी कॅरॅव्हॅन,
तिच्यासाठी चौदा महिने पत्रव्यवहार.
(फाइली हे गावाचं नाव आहे,
मला वाटलं होतं बाई चेष्टा करतेय.)
ती कुणाकडेही न बघता ऐकायची,
पेन्सिलीने काहीतरी टिपून घ्यायची
जे कधीच अर्जात यायचं नाही.

एका फेब्रुवारीत, डिक्टेशनच्या टेपवर
दोन नोटिसांच्या मध्ये तिचा आवाज:
'त्याने तिचा हातमोजा उचलला
आणि परत द्यायला उशीर केला.'
मी तो पुराव्यात टाइप केला.
निशाणी सात.
तिने वाचलं, कानापर्यंत लाल झाली.
'कुठल्या खटल्यातलं?' मी विचारलं.
'अजून दाखल व्हायचाय, मिसेस गुरव.'

दाखल झाला. लॉरा फेनविक या नावाने,
गुलाबी कव्हरात.
कव्हरावर शर्टाची बटणं सोडलेला पुरुष.
'हा पोटगी बुडवणार,' ती म्हणाली
आणि खोक्याला परत चिकटपट्टी लावली.
लीड्सचे बॅरिस्टर हसले.
त्यांच्या बायका लायब्ररीत नंबर लावून होत्या.
चौथ्या पुस्तकानंतर तिने पाटी उतरवली,
मला मात्र ठेवून घेतलं.

मग मला एकेक वस्तू भेटू लागली.
किटली भेटली, उकळी फुटलेली.
कुत्रा भेटला, सगळ्या वारी एकाच घरात.
तिसऱ्या प्रकरणात पाऊस, छत गळतंय,
आणि दोघं एकाच पातेल्याखाली
खांद्याला खांदा लावून बसलीयत.
मी टाइप करता करता थांबले.
चौदा महिने, हेस्टर.
चौदा महिन्यांत हे कुणी बोललं नव्हतं.

लायब्ररीत सह्यांच्या रांगेत तो आला, पांढरा झालेला.
'ती कॅरॅव्हॅन आमची आहे ना?'
'नावं बदललेली आहेत, मिस्टर सटक्लिफ. दावा टिकणार नाही.'
त्याने दोन प्रती घेतल्या.
दुसरीवर कुणाचं नाव घालू, ते तिने विचारलं नाही.
तिला ते पत्त्यासकट पाठ होतं.

भांडण फक्त शेवटावरून.
लंडनहून संपादक लिहायची: 'कायमचे सुखी झाले' असं हवं.
हेस्टर समासात लिहायची:
'कायमचे' या शब्दाची व्याख्या कुठल्या कलमात?
असं नवव्या पुस्तकाला तीन आठवडे चाललं.

तेव्हा मी तिला माझ्या वडिलांचं सांगितलं.
कराडच्या कचेरीबाहेर, पत्र्याखाली, स्टॅम्पपेपरवर
आयुष्यभर दुसऱ्यांची खरेदीखतं लिहिली त्यांनी.
शेत असो, विहिरीतला हिस्सा असो,
शेवट एकच:
राजीखुशीने, अक्कलहुशारीने,
नशापाणी न करता,
कुणाच्या दडपणाखाली न येता
लिहून दिले असे.

तिने परत एकदा म्हणायला लावलं.
मग अर्थ. मग शब्दाला शब्द.
बराच वेळ पेन्सिल दातात.
'पण नायक दोन पिंट प्यायलाय,' ती म्हणाली.
'मग तेवढं कलम काढा,' मी म्हटलं.

तिने कलम ठेवलं.
पिंट काढल्या.
सबब, नवव्या पुस्तकात तो विचारतो तेव्हा
त्याच्यासमोर चहा आहे,
निवत चाललेला,
आणि ती उत्तर द्यायच्या आधी
चष्मा शोधतेय.